नारायणराव, बोस्टनचा चहा आणि स्मरणाच्या खुंट्या

गेल्या वर्षी आमच्या जेवणाच्या टेबलाशी एकाच विषयाचे दोन विद्यार्थी बसायचे. एक माझी मुलगी, आठवीतली. तिला शाळेत अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास होता. दुसरे माझे सासरे, अण्णा. सत्तरी ओलांडलेली, आणि अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी चाललेली. ही परीक्षा तोंडी असते. प्रश्नांची यादी आधी मिळते, पण उत्तरं अधिकाऱ्यासमोर बसून पटापट द्यावी लागतात. मुलगी सालं विसरायची, अण्णा नावं विसरायचे, आणि दोघंही एकमेकांवर वैतागायचे.

अण्णांची स्मरणशक्ती कमी झाली होती असं म्हणायला जागा नव्हती. पेशवाईतली एकेक मोहीम त्यांना तारखेनिशी पाठ आहे. पण स्टॅम्प कायदा १७६५ चा की १७६७ चा, हे दहादा वाचूनही डोक्यात बसेना. मग एका संध्याकाळी मुलीने मोठ्याने वाचलं, "बोस्टन टी पार्टी, १६ डिसेंबर १७७३." अण्णांनी वहीतून मान वर केली. "सत्त्याहत्तरशे... नाही, सतराशे त्र्याहत्तर? म्हणजे नारायणराव गेले ते वर्ष! तीस ऑगस्टला शनिवारवाड्यात 'काका, मला वाचवा', आणि चार महिने उलटायच्या आत तिकडे समुद्रात चहा." ते साल त्यानंतर त्यांच्या तोंडून कधीच चुकलं नाही. मुलीच्याही नाही, कारण नारायणरावांची गोष्ट तिने त्याच रात्री आजोबांकडून दोनदा ऐकली.

त्या वाक्यामुळे आमची अभ्यासाची पद्धतच बदलली. आम्ही काय काय केलं ते इथे सांगते. ज्यांची मुलं इथे शाळेत आहेत, ज्यांचे आईवडील ही परीक्षा देणार आहेत, किंवा जे भारतात बसून जगाच्या इतिहासाचा अभ्यास करतात, त्यांना याचा उपयोग होईल.

आधी हे असं का होतं ते पाहू. १८८५ साली हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःच्याच स्मरणावर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. काही अर्थ नसलेली अक्षरं तो पाठ करायचा आणि किती वेळात किती विसरलो ते मोजायचा. विसरणं सुरुवातीला धाडकन होतं आणि मग हळूहळू मंदावतं, हे त्याला दिसलं. आता पुण्यात वाढलेल्या माणसाच्या दृष्टीने 'टाउनशेंड, १७६७' ही अर्थ नसलेली अक्षरंच की. त्यांना चिकटायला आत काहीच नसतं. 'पानिपत, १७६१' हे मात्र नुसतं साल नाही. त्याला संक्रांतीचा दिवस आहे, सदाशिवरावभाऊ आहेत, विश्वासराव आहेत, 'दोन मोत्ये गळाली' आहे. अशा सालाला आम्ही घरात खुंटी म्हणायला लागलो. भिंतीत पक्की ठोकलेली खुंटी असली की नवा सदरा जमिनीवर पडत नाही. मराठी माणसाच्या डोक्यात शिवकाळ आणि पेशवाईच्या अशा पन्नासएक खुंट्या तरी आधीच ठोकलेल्या असतात, आणि अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास नेमका त्याच काळातला आहे.

शिवकाळापासून सुरुवात करू. १६३० म्हणजे शिवनेरीवर शिवजन्म. त्याच वर्षी जॉन विन्थ्रॉपबरोबर आलेल्या प्युरिटन लोकांनी बोस्टन वसवलं. १६६४ च्या जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली आणि सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी डचांकडून न्यू अ‍ॅमस्टरडॅम घेतलं. त्याचंच न्यूयॉर्क झालं. मध्ये डचांनी ते परत जिंकलं होतं, पण १६७४ च्या तहाने ते कायमचं इंग्रजांकडे आलं. १६७४ म्हणजे राज्याभिषेकाचं वर्ष, त्यामुळे ती खुंटी तर शोधावीही लागली नाही. १६८० च्या एप्रिलमध्ये महाराज गेले. त्याच ऑगस्टमध्ये आजच्या न्यू मेक्सिकोत पुएब्लो लोकांनी पोपे नावाच्या पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली उठाव करून स्पॅनिश सत्तेला हाकलून दिलं. १६८१ साली संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला आणि विल्यम पेनला पेनसिल्व्हेनियाची सनद मिळाली. मार्च १६८९ मध्ये संभाजीराजांची हत्या झाली, आणि एप्रिल १६८९ मध्ये बोस्टनच्या लोकांनी राजाने नेमलेल्या गव्हर्नर अँड्रॉसला पकडून कैदेत टाकलं.

या सालांच्या मागे एक नाव लपलंय, आणि ते सापडल्यावर अण्णा हरखले होते: इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स. न्यू अ‍ॅमस्टरडॅम ज्याच्या नावाने न्यूयॉर्क झालं, तो ड्यूक ऑफ यॉर्क या चार्ल्सचा भाऊ. पेनला सनद देणारा हाच. आणि पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्न करताना मुंबई ज्याला आंदणात मिळाली आणि १६६८ साली ज्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली, तोही हाच. मुंबई आणि न्यूयॉर्क ही दोन शहरं एकाच माणसाच्या हातून इकडची तिकडे झाली. एवढं कळल्यावर चार्ल्सचं नाव वेगळं पाठ करावं लागत नाही.

पेशवाईत शिरलं की जोड्या अजून जवळ येतात. शनिवारवाड्याची वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची आणि जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ चा, बरोबर एका महिन्याने. तेरा वसाहतींपैकी शेवटच्या जॉर्जियाची सनदही १७३२ चीच. चिमाजीअप्पांनी वसई घेतली १७३९ मध्ये. त्याच वर्षी साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. पानिपत जानेवारी १७६१. पुढच्याच महिन्यात बोस्टनच्या न्यायालयात जेम्स ओटिस हा वकील घरझडतीच्या सरसकट परवान्यांविरुद्ध तासन्‌तास बोलला. हा ओटिस लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण मुलीने एकदा घोळ घातला होता. खुंट्या दोन तऱ्हेच्या असतात. सुरत आणि न्यूयॉर्क ही योगायोगाची खुंटी आहे. साल लक्षात राहण्यापुरताच तिचा उपयोग, एकामुळे दुसरं घडलं असं नाही. काही खुंट्या मात्र कारणाच्या असतात, दोन्ही घटनांचं मूळ एकच असतं. त्या सापडल्या की पाठांतर संपतं आणि इतिहास कळायला लागतो. १७७३ ही तशी खुंटी आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

१७७० च्या आसपास ईस्ट इंडिया कंपनी डबघाईला आली होती. बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता, लढायांचा खर्च वाढला होता आणि लंडनच्या गोदामांत न विकलेल्या चहाचे ढीग साचले होते. तो चहा आसामचा नव्हता, चीनचा होता. भारतात चहाचे मळे अजून लागलेले नव्हते. लॉर्ड नॉर्थच्या सरकारने १७७३ साली कंपनीला चौदा लाख पौंडांचं कर्ज दिलं आणि सोबत दोन कायदे केले. पहिला चहाचा कायदा: कंपनीने तो साचलेला चहा थेट अमेरिकेतल्या वसाहतींत नेऊन स्वस्तात विकावा. दुसरा रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट: कंपनीच्या भारतातल्या कारभारावर देखरेख असावी आणि तह करण्या-मोडण्याच्या बाबतीत मुंबई-मद्रासने कलकत्त्याचं ऐकावं.

पहिल्या कायद्याची फांदी बोस्टनला गेली. चहा स्वस्त होता, पण पौंडामागे तीन पेन्सचा कर तसाच होता, आणि तो भरायचा म्हणजे ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही प्रतिनिधी नाही तिचा कर बसवण्याचा हक्क मान्य करायचा. बोस्टनकरांनी तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून चहा बंदरात ओतला. दुसऱ्या कायद्याची फांदी पुण्याला आली. मार्च १७७५ मध्ये राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. कलकत्त्याने या नव्या कायद्याच्या जोरावर तो अमान्य केला आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. म्हणजे 'काका, मला वाचवा'मधले काका आणि बोस्टन बंदरातला चहा यांच्यामध्ये एक खरा धागा आहे, आणि तो लंडनच्या एकाच तिजोरीतून निघतो.

एवढं समजलं की पुढची सात-आठ वर्षं जोडीनेच चालतात. मार्च १७७५ सुरतेचा तह, एप्रिल १७७५ लेक्झिंग्टन आणि काँकर्डला पहिल्या गोळ्या. मार्च १७७६ पुरंदर, ४ जुलै १७७६ स्वातंत्र्याचा जाहीरनामा. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांनी मराठ्यांपुढे हात टेकले, ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिसने शरणागती पत्करली. मे १७८२ सालबाईचा तह, सप्टेंबर १७८३ पॅरिसचा तह. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध आणि अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध ही इंग्रजांनी एकाच वेळी लढलेली युद्धं होती. कॉर्नवॉलिसचं नाव तर आपण शाळेत कायमधारा पद्धतीसाठी पाठ केलेलं असतं. यॉर्कटाउनला तलवार खाली ठेवायची वेळ आली तेव्हा आजारी असल्याचं कळवून त्याने आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्याला पुढे केलं होतं. पाच वर्षांनी, १७८६ मध्ये, तोच गव्हर्नर जनरल म्हणून भारतात आला. १८०५ साली तो गाझीपूरला वारला आणि तिथेच त्याची कबर आहे.

आता स्टॅम्प आणि टाउनशेंड. १७६३ ते १७७५ मधले कायदे हा मुलांना सगळ्यात कंटाळवाणा वाटणारा भाग. एकामागून एक कायदे, त्यातले काही मागे घेतलेले, काही परत आणलेले. यासाठी मी अण्णांना ओट्याशी उभं केलं आणि म्हटलं, तुम्ही रोज करता तसा चहा करा.

आपण चहा करताना आधी आधण ठेवतो. पाणी तापत असतं, ते १७६३: फ्रान्सशी सात वर्षं चाललेलं युद्ध संपलंय, इंग्लंडवर कर्जाचा डोंगर आहे आणि पैसा वसाहतींकडून काढायचा विचार चाललाय. पाण्यात पहिली पडते साखर. साखरेचा कायदा, १७६४. मग हातात येते ती कागदाची पुडी. कागद म्हणजे स्टॅम्प कायदा, १७६५: वर्तमानपत्र, कोर्टाचे कागद, अगदी खेळायचे पत्तेसुद्धा, सगळ्यावर सरकारी शिक्क्याचा कर. पाणी एकदम वर येतं, म्हणून १७६६ मध्ये लंडन गॅस बारीक करतं, म्हणजे स्टॅम्प कायदा मागे घेतं. पण जाताना "कर लावायचा हक्क आमचाच" असं लिहून ठेवतं. १७६७ मध्ये टाउनशेंडसाहेब गॅस पुन्हा मोठा करतात: काच, शिसं, रंग, कागद आणि चहा. ५ मार्च १७७० ला बोस्टनमध्ये शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या, पाच माणसं मेली. त्याच वर्षी पुन्हा गॅस बारीक: बाकीचे कर रद्द, चहावरचा तेवढा ठेवला. आता पुडी उघडायची आणि चहापूड टाकायची, १७७३. चहापूड पडल्यावर फेस कसा वर येतो ते माहीतच आहे. तेव्हा गॅस बंद करायचा सोडून लंडनने १७७४ मध्ये वर झाकण दाबलं: बोस्टनचं बंदर बंद, मॅसॅच्युसेट्सचा स्वतःचा कारभार काढून घेतला. झाकण ठेवलेला चहा उतू जाणारच. एप्रिल १७७५.

साखर, पुडी, चहा, झाकण, उतू. हा क्रम चुकणं शक्य नाही, कारण चहापुडीच्या आधी साखर हा हाताचा क्रम आहे, तो डोक्याला आठवावा लागत नाही. शिवाय दोनदा बारीक केलेला गॅसही त्यात येतो, आणि तो महत्त्वाचा आहे. वसाहतींचा राग एका रात्रीत उसळलेला नव्हता. बारा वर्षं तो वर येत होता, बसत होता, पुन्हा वर येत होता.

नावांच्या याद्यांसाठी आपल्याकडे जुनी युक्ती आहेच. 'तानापिहिनिपाजा' म्हटलं की इंद्रधनुष्य येतं, 'कंचेभागुबेव' म्हटलं की गणित सुटतं. अण्णांना ही दोन्ही अजून येतात, म्हणजे युक्ती टिकाऊ आहे. तेरा मूळ वसाहतींची नावं परीक्षेत विचारतात, म्हणून आम्ही त्यांचं उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारं सूत्र बांधलं. ते असं:

हा माझा रोजचा कट्टा.
या, जरा पेढ्यांचा डबा!
मेव्हण्यांना वरण नको, साधी जिलबी.

पहिल्या ओळीत न्यू इंग्लंडच्या चार वसाहती: (न्यू) हॅम्पशर, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, कनेक्टिकट. दुसऱ्या ओळीत मधल्या चार: (न्यू)यॉर्क, (न्यू) जर्सी, पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर. तिसरीत दक्षिणेच्या पाच: मेरीलंड, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, साउथ कॅरोलायना, जॉर्जिया. चार, चार आणि पाच शब्द, मिळून तेरा. 'न्यू' सोडून दिलंय, कारण ते तीन ठिकाणी येतं आणि गोंधळ करतं.

सूत्राचा उपयोग नुसत्या यादीपुरता नाही. सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियाला पहिली काँटिनेंटल काँग्रेस भरली तेव्हा बाराच वसाहती आल्या होत्या. जॉर्जिया नव्हती, म्हणजे पंगतीत जिलबी आली नव्हती. १७८७ मध्ये राज्यघटना लिहायला जमले तेव्हाही बाराच. ऱ्होड आयलंडने प्रतिनिधी पाठवले नाहीत, म्हणजे कट्टा होता पण 'रोजचा' नव्हता. घटनेला सगळ्यात आधी मान्यता दिली डेलावेअरने, म्हणजे पहिला उघडला तो डबा. आणि सगळ्यात शेवटी, १७९० मध्ये, पुन्हा ऱ्होड आयलंडने. मुलीला हे इतकं आवडलं की ती प्रत्येक प्रकरणात कोण गैरहजर ते शोधायला लागली.

पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांसाठी: "वा! आजचं जेवण, मॅडम, मनासारखं!" वॉशिंग्टन, अ‍ॅडम्स, जेफर्सन, मॅडिसन, मन्रो. वॉशिंग्टनने १७८९ मध्ये शपथ घेतली. पाचांपैकी अ‍ॅडम्सला तेवढी चारच वर्षं मिळाली, बाकी सगळ्यांना आठ-आठ, त्यामुळे सालं पाठ न करता बोटांवर मोजता येतात. व्हर्जिनियाबाहेरचा होता तोही अ‍ॅडम्सच. मन्रो आला मार्च १७१७... असं अण्णा एकदा म्हणाले आणि स्वतःच थांबले, "नाही, १८१७. त्याच नोव्हेंबरात खडकीची लढाई." सवाई माधवरावांच्या काळात वॉशिंग्टन आणि पेशवाई बुडताना मन्रो. मधली मोठी खुंटी १८०३ ची. वसईचा तह झाला ३१ डिसेंबर १८०२ ला. त्यानंतरच्या एप्रिलमध्ये जेफर्सनच्या सरकारने नेपोलियनकडून दीड कोटी डॉलरना लुइझियानाचा प्रचंड मुलूख घेतला आणि देशाचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट झालं. सप्टेंबरात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजा हरल्या. त्यांना हरवणारा आर्थर वेलस्ली पुढे वॉटर्लूला त्याच नेपोलियनच्या समोर उभा राहिला.

नागरिकांच्या हक्कांच्या दहा दुरुस्त्या, म्हणजे बिल ऑफ राइट्स, हा परीक्षेतला दुसरा अवघड भाग. १५ डिसेंबर १७९१ ला त्या लागू झाल्या. इथे ना साल कामाला येतं ना सूत्र, कारण नुसतं नाव नाही, प्रत्येकीचा आशय लक्षात ठेवायचाय. त्यासाठी जुन्या ग्रीक-रोमन वक्त्यांची एक युक्ती आहे: ओळखीच्या घरातून मनात चालत जायचं आणि प्रत्येक जागी एक गोष्ट ठेवायची. अण्णांचं ओळखीचं घर म्हणजे गावचा वाडा. आम्ही त्यातून फिरलो.

अंगणात शिरलो की पहिली दुरुस्ती, आणि तिच्यात पाच गोष्टी आहेत. तुळशीवृंदावनापाशी आजी पूजा करतेय, हे धर्माचं स्वातंत्र्य. पारावर गप्पा रंगल्यात, हे भाषणाचं. एकाच्या हातात वर्तमानपत्र, हे मुद्रणाचं. इतकी माणसं जमलीत, हे सभेचं. आणि एक जण अर्ज घेऊन आलाय, हा सरकारकडे दाद मागण्याचा हक्क. दिंडी दरवाज्यावर आजोबांची जुनी बंदूक टांगलीय: दुसरी, शस्त्र बाळगण्याचा हक्क. ओसरीवर एक शिपाई वळकटी पसरू पाहतोय आणि घरमालक त्याला उठवतोय: तिसरी, शांततेच्या काळात मालकाच्या परवानगीशिवाय सैनिकांना घरात ठेवता येणार नाही. माजघरात ट्रंका आहेत, आणि कोणीतरी त्या उचकतोय. दारात जेम्स ओटिस उभा आहे, पानिपतच्या वर्षातला, "परवाना दाखवा" म्हणत: चौथी, विनाकारण झडती नाही.

स्वयंपाकघरात नातवाच्या तोंडात अख्खा लाडू आहे. लाडू कुणी घेतला विचारलं तर तो बोलत नाही: पाचवी, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही. आणि एकाच लाडवासाठी दोनदा खटला नाही, हेही तिथेच. जेवणघरात पंगत बसलीय, सगळ्यांसमोर, वेळच्या वेळी: सहावी, फौजदारी खटला लवकर आणि उघडपणे चालेल, वकील मिळेल. कोठीच्या खोलीत पैशाची पेटी, तिच्यावर वीस डॉलर: सातवी, वीस डॉलरच्या वरच्या दिवाणी दाव्यातही ज्यूरी. न्हाणीघरात बंब फुरफुरतोय, पण कोणावर कढत पाणी ओतायचं नाही: आठवी, क्रूर शिक्षा नाही, अवाच्या सवा जामीन नाही. माळ्यावर असंख्य वस्तू, कुणीच यादी केलेली नाही: नववी, यादीत लिहिला नाही म्हणून हक्क नाही असं नाही. आणि शेवटी परसदार. कुंपणापलीकडे ज्याचं त्याचं आवार: दहावी, घटनेने केंद्राला दिलेले नाहीत ते अधिकार राज्यांकडे आणि लोकांकडे.

या वाड्यात अण्णांना एकदाही वाट चुकली नाही. गाव सोडून त्यांना तीस वर्षं झाली, तरी न्हाणीघर माजघराच्या कोणत्या बाजूला हे त्यांना आठवावं लागत नाही.

हे सगळं करताना एक गोष्ट मला बोचत राहिली. सूत्रात बसतं ते लक्षात राहतं, आणि ज्यांना सूत्र नाही ती माणसं गळतात. तेरा वसाहतींच्या जागेवर आधी कोण राहत होतं, त्या पोव्हॅटन, वाम्पानोआग, लेनापे लोकांची नावं आमच्या कट्ट्यावर कुठेच नव्हती. म्हणून आम्ही काही सालं मुद्दाम दुहेरी ठेवली. १६१९ त्यातलं एक. त्या जुलैअखेर व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनला अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींची पहिली निवडून आलेली सभा भरली. आणि त्याच ऑगस्टच्या शेवटी त्याच व्हर्जिनियाच्या किनाऱ्याला एका जहाजातून वीसएक आफ्रिकी माणसं आणून धान्याच्या बदल्यात विकली गेली. एका उन्हाळ्यात दोन्ही. तसंच १७७६: सगळी माणसं समान जन्माला येतात असं लिहिणाऱ्या जेफर्सनने आयुष्यभरात शेकडो माणसं गुलाम म्हणून बाळगली. १७८७ च्या घटनेत प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलाम माणूस तीन पंचमांश धरला गेला. माझ्या मुलीने या प्रत्येक सालापुढे दोन ओळी लिहायच्या असा नियम आम्ही केला, आणि तो तिने मोडला नाही.

उजळणीबद्दल थोडंच सांगते, कारण त्यात नवं काही नाही. पाढ्यांसारखं रोज सगळं घोकायची गरज नसते. एबिंगहाउसने पाहिलं तसं विसरणं सुरुवातीला जोरात असतं, म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. आणि उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं नाही. पुस्तक मिटायचं आणि तोंडाने सांगायचं. अडलं तर लगेच पान उघडायचं नाही, जरा झगडायचं. त्या झगडण्यातच आठवण पक्की होते. आमच्याकडे आजोबा नातीला विचारायचे आणि नात आजोबांना, त्यामुळे दोघांनाही दुसऱ्याला पकडायची ईर्ष्या असायची. परीक्षा तोंडी असल्यामुळे अण्णांना याचा दुप्पट फायदा झाला.

फ्रिजवर आम्ही एक मोठा कागद चिकटवला होता. डावीकडे 'आपलं', उजवीकडे 'इथलं', मध्ये सालं. परीक्षा होऊन गेली, अण्णा उत्तीर्ण झाले, तरी कागद काढायचा कुणाला धीर झाला नाही. त्यातल्या शेवटच्या ओळीत डावीकडे अण्णांच्या अक्षरात '१८१८, पेशवाई संपली' असं होतं आणि उजवी बाजू रिकामी होती. परवा मी चहा ठेवायला गेले तर तिथे मुलीने निळ्या पेनाने लिहिलं होतं: 'इंग्लंडशी करार, कॅनडाची सीमा ४९ अंश अक्षांशावर.' खाली आणखी एक कोरी ओळ आखून तिने फक्त साल घातलंय, १८२६, आणि उजवीकडे: 'अ‍ॅडम्स आणि जेफर्सन एकाच दिवशी गेले, ४ जुलैला.' डावीकडे प्रश्नचिन्ह आहे. आजोबांचा चष्मा आणि एक जाडजूड पुस्तक तेव्हापासून टेबलावर उघडंच पडलेलं आहे.